अण्णांनी आणलेला नारळ

दाराची कडी वाजली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. आमच्या घरी दिवसा दाराला कडी लावलेली नसायचीच, दार नुसतं लोटलेलं असायचं. तरी कुणीतरी बाहेरून कडी आपटत होतं, परके पाहुणे आपटतात तशी.

"उघडंच हाय की, या आत," आई चुलीपासून म्हणाली.

कुणी आलं नाही. मी सूप बाजूला ठेवून उठले आणि दार ओढलं. बाहेर आमचे अण्णाच उभे होते.

अण्णा एस.टी.त कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी लेंगा आणि बंडीवर असायचे. त्या संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर टोपी होती आणि दोन्ही हातांत रुमालावर ठेवलेला शेंडीचा नारळ होता.

"चंद्रकला बारस्कर हैत का घरात?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, माझ्या डोक्यावरून आत बघत.

मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि ते गेलं.

चंद्रकला म्हणजे माझी मोठी बहीण, कलाअक्का. आमच्या गावात ज्योत क्रीडा मंडळाचे खो-खोचे दोन संघ होते, एक मुलांचा, एक मुलींचा. अक्का मुलींच्या संघात होती. शाळेत असल्यापासून होती. चैत्र संपता संपता स्पर्धा आटोपल्या की मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत बैठक भरायची आणि पुढच्या वर्षीचे बारा खेळाडू ठरायचे. बैठकीला खेळाडू नसत. शिक्षक, पदाधिकारी आणि गावातले जुने शौकीन असत. एखाद्याला काढून टाकलं की त्याला नारळ दिला, असं आपण नुसतं म्हणतो. आमच्या मंडळात तो खरोखरच देत असत, घरी जाऊन, मानानं. आणि ज्यानं बैठकीत नाव काढलं त्यानंच तो न्यायचा, असा नियम होता. तिथं काय बोलणं झालं ते मात्र त्यानं खेळाडूच्या घरी सांगायचं नाही. घरच्यांनी त्याला चहा द्यायचा. खेळाडूनं नारळ फोडायचा आणि एक वाटी आणणाऱ्याच्या हातावर ठेवायची. म्हणजे मनात काही नाही. हा नियम ज्या कुणी केला त्याला आमच्या गावची तोंडं चांगली ठाऊक असणार. बाराही महिने मैदानाच्या कडेला बसून खेळाडूंची सालं काढणारे लोक बैठकीत एकदम मऊ बोलत.

अक्का परसातून आली. ती वाळूची पुरचुंडी तापवून गुडघा शेकत होती. पुरचुंडी तशीच हातात होती. तिनं नारळ पाहिला, अण्णांची टोपी पाहिली, आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"मंडळाचा निरोप आहे," अण्णा म्हणाले. "तुम्ही मंडळासाठी लई खेळलात. पुढच्या हंगामात तुमच्या जागी मुक्ता लोहार खेळंल. मंडळ तुमचं आभारी हाय."

अण्णांनी आम्हा दोघींना जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"नाव कुणी काढलं?" अक्कानं विचारलं. तिला दिसत होतं, तरी विचारलं.

"मी."

आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. "अवो, डोकं ठिकाणावर हाय का? पोरीला कुणी असला नारळ आणतं व्हय? पोरीला नारळ आणत्यात तो ओटीत घालायला. आजवर गावात कुण्या पोरीच्या दारात आलाय का असा?"

"चहा टाका," अण्णा तिला म्हणाले.

आईला ते 'टाका' म्हणाले. आई काही वेळ बघत राहिली आणि आत गेली. अण्णा चपला बाहेर काढून आत आले. रोज ते खाटेवर बसायचे. त्या दिवशी दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसले, जिच्यावर वसुलीचे साहेब आणि सोयरीक घेऊन येणारे लोक बसायचे. आईनं पाहुण्यांच्या कपबशीतून चहा आणला. तिनं तो त्यांच्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला.

अक्कानं नारळ घेतला होता. तो तिनं कोनाड्यात घड्याळाशेजारी ठेवून दिला.

"फोडायचा असतो," अण्णा म्हणाले.

"माहीत हाय," अक्का म्हणाली आणि परसात गेली.

अण्णांनी चहा संपवला. कप बशीवर उपडा घातला, उठले, चपला घातल्या आणि गेले. थोड्या वेळानं ते मागच्या दारानं आत आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि आईला म्हणाले, "जेवायला काय केलंयस?"

मैदान बंद झालं की अण्णांचा हंगाम सुरू व्हायचा. त्यांची जागा म्हणजे रज्जाकभाईंचं सायकलचं दुकान. ड्यूटीवरून सुटले की कातडी पिशवीसकट तिथंच. रज्जाकभाई चाकाचे आरे ओढत असायचे आणि अण्णा संघ बांधत असायचे. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुणाला शेजारच्या तालुक्यातून शाळेत नाव घालून आणायचं. मुलांच्या संघाबद्दल त्यांना फारसं काही वाटायचं नाही. "पोरं अंगावर खेळत्यात, पोरी डोक्यानं खेळत्यात," असं त्यांचं म्हणणं होतं.

बैठकीच्या आधी एक-दोन दिवस मी त्यांना जेवायला बोलवायला गेले होते.

"अण्णा, खांबाजवळ कुणाला बसवायचं यंदा?" रज्जाकभाई विचारत होते.

"शिंद्याची सोडून कुणालाबी बसवा. ती सूर मारती का पाया पडती तेच कळत न्हाई. खांबालाच लाज वाटती."

"आणि ती पाटलीण?"

"पाटलीण खो देती का निरोप पाठवती? तेवढ्या वेळात पळणारी पोरगी बाजार करून येईल."

रज्जाकभाई हसून हसून खोकायला लागले. मग म्हणाले, "आणि पळतीची पहिली तुकडी?"

खो-खोत तिघी-तिघींच्या तुकड्या पळतात. आमच्या संघाच्या पहिल्या तुकडीत कितीतरी वर्षं अक्काचं नाव होतं. अण्णांनी उलट्या उभ्या सायकलीचं पायडल हातानं फिरवलं. मागचं चाक गरगरत राहिलं.

"बघू," ते म्हणाले.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय भौतिकशास्त्र. धावताना एकदम उजवीकडे वळायचं तर डाव्या पायानं जमीन रेटावी लागते, नाहीतर अंग सरळच जात राहतं. अक्काचा डावा गुडघा दुखावल्यापासून ती वळायच्या आधी एक बारीक पाऊल जास्तीचं टाकत होती. बघणाऱ्याला ते दिसत नसे. मागून सूर मारणारीला तेवढंच पुरत असे. मला ते दिसलं होतं, पण मी कुणाला म्हटलं नव्हतं. अण्णांनी एकदा मैदानावरून घरी येताना, सायकल हातानं ढकलत, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हटलं होतं, "डावा पाय उशिरा येतोय."

एका गुडघ्यानं आमच्या घरात काय बिघडणार होतं? बिघडणार होतं. अक्काला पहिलं स्थळ आलं तेव्हाच अण्णांनी आईला सांगून टाकलं होतं, की पोरगी बारा जणींत आहे तोवर घरात लग्नाचा विषय काढायचा नाही. खेळाची प्रमाणपत्रं आहेत, नोकरी लागेल, असं त्यांनी तिला पटवलं होतं. नोकरी लागली नव्हती. अक्काच्या बरोबरीच्या पोरी कडेवर मुलं घेऊन मैदानाच्या कडेनं जायच्या आणि तिला हाक मारायच्या. अक्का हात हलवायची आणि पळायची. तिला काय हवं होतं, ते मी विचारलं नाही, पण मैदान हवं होतं हे दिसत होतं. ते त्या बारांमधल्या जागेवर टिकून होतं. ती जागा अण्णांनी काढून घेतली आणि वर पांढरा सदरा घालून सांगायला आले.

त्यानंतर काही झालं नाही. मला वाटलं होतं रडारड होईल. सकाळी अक्का उठली, पाणी भरलं, भाकऱ्या केल्या. संध्याकाळी मैदानाच्या वेळेला अंगण झाडलं. दुसऱ्या दिवशीही झाडलं. ते इतकं स्वच्छ झालं की झाडायला काही उरलं नाही, तरी झाडलं.

आईनं लाकडी पेटीतून एक फोटो काढला. करमाळ्याचा मुलगा, शेतीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. "बघ तरी," आई म्हणाली.

"चालंल," अक्का म्हणाली. फोटो तिनं हातात घेतला नाही.

पाहुणे आले. मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?"

"खो-खो खेळायचे," अक्का म्हणाली.

"आता न्हाई ना खेळत?"

"आता न्हाई."

"मग काय हरकत न्हाई," मामा म्हणाले आणि सगळे हसले. अण्णा खाटेच्या कोपऱ्यावर बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पोहे संपवले.

मला अण्णांचा राग यायला हवा होता. आला नाही. घरातल्या सगळ्यांच्याच आत कुणीतरी ओली वाळू भरून ठेवल्यासारखं झालं होतं. मी अभ्यास करायची आणि मधेच उठून कोनाड्यातला नारळ कानाशी हलवायची. सुरुवातीला पाणी डुचमळायचं. पुढं पुढं आवाज बारीक होत गेला. कवच कितीही टणक असलं तरी वाफ डोळ्यांतून हळूहळू निघून जाते. ते मला माहीत होतं, तरी हलवून बघायची.

"ठेव तो," अक्का म्हणायची.

अण्णा मात्र जेवताना पूर्वीसारखंच बोलायचे. मी ताटाकडे बघत बसायची.

"मुक्ताला पहिल्या तुकडीत घालावं का दुसऱ्या?" एकदा त्यांनी विचारलं.

आईनं भाकरी आपटायची थांबवली. अक्का त्यांच्या ताटात कालवण वाढत होती. तिनं पळी भांड्याच्या काठावर पुसली.

"दुसऱ्या," ती म्हणाली. "पहिलीत घाबरंल. दोन-चार सामने झाले की आपण होऊन मागंल."

"हं," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी रज्जाकभाईंच्या दुकानावरून जाताना ते सगळ्यांना सांगत होते, "चंद्रकलाचं मत असं हाय, की मुक्ताला दुसऱ्या तुकडीत ठेवा." रज्जाकभाई आरे सोडून ऐकत होते. मला तो निर्लज्जपणा वाटला.

मृग लागायच्या आत लग्न झालं. निघताना अक्कानं कोनाड्यातला नारळ उचलला आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत घातला. आईला वाटलं ओटीतलाच आहे. अण्णांनी पाहिलं. ट्रंकेचं झाकण लागत नव्हतं, त्यांनी गुडघा टेकवून ते दाबून बसवलं.

मी पुढं एम.एस्सी. झाले आणि बार्शीच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले. अक्काचा नारळ माझ्या डोक्यातून गेला होता. एका दिवाळीत गावी आले असताना सायकल पंक्चर झाली म्हणून रज्जाकभाईंकडे नेली. ते थकले होते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला त्यांना चष्मा लागत होता.

"कला बरी हाय ना?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"यंदा मुक्ताला नारळ गेला. कळलं का? शाळेचे फुलारी सर स्वतः घेऊन गेले. पोरगी काय रडली! पण फोडला तिनं, अर्धा दिला. आता पोरींनाबी जातो. तुझ्या बापानं चालू केलं ते."

"चालू केलं म्हणजे?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला ठाऊक न्हाई?"

"आम्हाला कुणी काही सांगितलं नाही."

"तो कसा सांगंल? नारळ नेणाऱ्यानं बोलायचं नसतं. मी नेला नव्हता, मी बोलतो." त्यांनी ट्यूब पाण्यातून काढली. "त्या दिवशी बैठकीत मंडळाचे अध्यक्ष बंकटशेठ म्हणाले, कलाला बारात तशीच राहू द्या. खेळवू नका, नुसती बसवून ठेवा. पोरगी हाय, आज ना उद्या लगीन होऊन आपसूक जाईल. पोरीला नारळ कुठं देता? सगळ्यांनी माना हलवल्या. मीबी हलवली, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बरं झालं, कुणाच्या तोंडावर वाईट नको. तर अण्णा उठला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, पोरं खेळत्यात आन पोरी काय पाहुण्या येत्यात व्हय? पोराचा पाय गेला की तुम्ही टोपी घालून त्याच्या दारात जाता. आन माझी पोरगी इतकी वर्सं पळाली, ती लगीन ठरलं म्हणून थांबली असं गाव म्हणणार? ती थांबंल तर पाय संपला म्हणून थांबंल. शेठ म्हणाले, मग काढा नाव, कोण काढतंय? कुणी तोंड उघडंना. फुलारी सर तर भिंतीकडं बघायला लागले. मग त्यानंच काढलं."

मी सायकलच्या घंटीवर बोट ठेवून उभी होते.

"बाहेर आल्यावर इथं आला. माझा पंप मागितला. त्याच्या सायकलीत हवा होती, मी बघितली होती. तरी मागचं-पुढचं दोन्ही भरत बसला. मग म्हणाला, रज्जाक, नारळ कुठं चांगला मिळंल?"

त्या संक्रांतीला मी अण्णांना करमाळ्याला घेऊन गेले. ते निवृत्त झाले होते. गाडीत कंडक्टरनं त्यांना ओळखून तिकीट नको म्हटलं, त्यांनी भांडून काढलं.

अक्काच्या सासूबाई दारात आल्या, हात धुवायला पाणी दिलं, देवापुढं नेलं. देवघर मोठं होतं. टाकांच्या शेजारी पितळी ताटलीत तो नारळ होता. हळदी-कुंकवाचे थर बसून तो ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता. शेंडीसुद्धा पिवळी झाली होती.

"ही हिच्या माहेरची देवी," सासूबाई अण्णांना म्हणाल्या. "येताना घेऊन आली. आम्ही कधी विचारलं न्हाई कुठली ते. पर सणावाराला निवद दाखवल्याबिगर जेवत न्हाई कुणी."

अण्णांनी टोपी काढली. नमस्कार करायचा की नाही ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी टोपी परत घातली आणि ओसरीत खुर्चीवर जाऊन बसले.

मी स्वयंपाकघरात गेले. अक्का चहा करत होती. तिचा डावा पाय चुलीपुढं जरा पसरलेला होता. मी तिला रज्जाकभाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, त्यांच्याच शब्दांत, काही न गाळता. ती चहा ढवळत राहिली. उतू जायला लागला तेव्हा तिनं भांडं उतरवलं.

"बरं," ती म्हणाली.

तिनं चहा कपबशीत ओतला आणि अण्णांच्या हातात नेऊन दिला. मग ती देवघरात गेली आणि ताटलीतला नारळ उचलला.

"अगं, देवाला कुठं नेतीस?" सासूबाई उठल्या.

"देव न्हाई, आत्याबाई. माझा नारळ हाय तो. मंडळानं दिलेला."

"कुठलं मंडळ?"

अक्का नारळ घेऊन बाहेर आली. ती ओसरीच्या पायरीपाशी बसली आणि दगडाच्या कडेवर नारळ आपटला. एका फटक्यात त्याला तडा गेला. पाण्याचा थेंब नव्हता. आतलं खोबरं कवचापासून सुटून, तपकिरी पडून, आक्रसलं होतं. तिनं एक वाटी काढली, पदरानं पुसली आणि अण्णांच्या हातावर ठेवली.

अण्णांनी ती नाकाशी नेली. मग दातांनी एक तुकडा तोडला आणि बराच वेळ चावत राहिले.

"खवट झालंय," ते म्हणाले.

"उशीर झाला," अक्का म्हणाली.

"तुझा डावा पायबी उशिराच यायचा."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी अक्काकडे बघत होते. तिनं उरलेल्या वाटीतला एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला, पाय सरळ केला आणि पायरीला पाठ टेकली.

"मुक्ताच्या जागी कुणाला घेतलं?" तिनं विचारलं.

अण्णांनी तोंडातला घास गिळला, कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.